फावला वेळ आणि गावाचा छंद

‘छंद’ या शब्दाचे आपल्या भाषेत दोन अर्थ आहेत. कवितेच्या वृत्ताला छंद म्हणतात आणि मनाला लागलेल्या ओढीलाही छंदच म्हणतात. पण खेड्यातल्या माणसाला “तुमचा छंद कोणता?” असे विचारले, तर तो बहुधा हसतो. नांगरट, पेरणी, खुरपणी, पुढे हळदीची काढणी, शिजवणी, वाळवणी. यातून छंदाला वेळ कुठला? छंद म्हणजे नोकरीपेशातल्या, सुट्टीच्या रविवारच्या माणसाची चैन, अशी आपली एक समजूत झाली आहे. ती कितपत खरी आहे, हे इतिहासाला विचारून पाहू.

कल्याणीच्या चालुक्य घराण्यात तिसरा सोमेश्वर नावाचा राजा होऊन गेला. त्याची राजधानी कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण. ते आज कर्नाटकात आहे, पण १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत बीदर जिल्हा आणि आपला परभणी जिल्हा एकाच हैदराबाद राज्यात होते. आपली हिंगोली त्या वेळी परभणी जिल्ह्यातला एक तालुका होती. वेगळा जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. तेव्हा कल्याणी आपल्याला काही परकी नव्हे. या राजाच्या नावावर ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ आहे. इ. स. ११२९ च्या सुमाराचा. वीस वीस अध्यायांचे पाच भाग, एकूण शंभर अध्याय. त्यातले शेवटचे दोन भाग कशाला वाहिले असतील? राजाच्या विनोदांना आणि क्रीडांना! मल्लांच्या झुंजी, कोंबड्यांच्या झुंजी, शिकार, मासे धरणे, गाणे, वाजविणे, कथा ऐकणे, झोपाळा, जलक्रीडा, चांदण्यातले खेळ, कोडी घालणे, बुद्धिबळ, फासे, कवड्या. शेतात पीक उभे असताना तिथे जाऊन करावयाची क्रीडासुद्धा त्यात आहे. हुरड्याच्या दिवसांत शहरातले पाहुणे आपल्या शेतावर येतात, त्याची आठवण व्हावी असे ते नाव आहे.

म्हणजे करमणुकीचा इतका पद्धतशीर विचार या भागात नऊशे वर्षांपूर्वी झाला होता. पण तो राजाच्या रिकाम्या वेळाचा विचार होता. प्रजेच्या रिकाम्या वेळाचे काय?

त्याच ग्रंथात, संगीताच्या विवेचनात, एक छोटा उल्लेख येतो. महाराष्ट्रातल्या बायका कांडण करताना ओवी गातात, असे ग्रंथकार सांगतो. श्रोतेहो, शंभर अध्यायांच्या त्या राजेशाही ग्रंथात हा उल्लेख मला फार मोलाचा वाटतो. ‘कांडण’ हा शब्द आपण अजूनही वापरतो. राजाला झोपाळ्यासाठी वेगळा प्रहर होता. उखळापाशी उभ्या राहिलेल्या बाईला वेगळा वेळ नव्हता. म्हणून तिने आपला छंद कामातच गुंफला. हाताला मुसळ, तोंडाला ओवी.

येथे छंदांचे दोन प्रकार ध्यानात घ्यावेत. एक, कामाच्या आत राहणारा. दुसरा, काम संपल्यावर स्वतःचा वेळ आणि स्वतःची जागा घेऊन बसणारा. या दोहोंतला फरक पुढे फार महत्त्वाचा ठरला.

दुसऱ्या प्रकाराचे मोठे उदाहरण आपल्या जिल्ह्यातच आहे. कयाधूकाठचे नर्सी हे संत नामदेवांचे जन्मगाव, अशी परंपरा आहे. काळ साधारण इ. स. १२७० ते १३५०. त्यांच्या कुळाचा धंदा शिंप्याचा. औंढ्याला विसोबा खेचरांकडून त्यांना उपदेश मिळाला, असे सांगतात. वारकरी कीर्तनाचा पाया नामदेवांनी घातला, असे संप्रदाय मानतो. त्यांच्या भोवतालची मंडळी पाहा: गोरोबा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार, सेना न्हावी. सगळे हाताने काम करून खाणारे. त्यांची भक्ती भक्तीच होती, तिला करमणूक म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. पण समाजाच्या बाजूने पाहिले तर एक मोठी गोष्ट घडली. दिवसभर राबलेल्या माणसाला रात्रीचा एक वेळ मिळाला, बसायला देवळाचा मंडप मिळाला आणि हातात टाळ आला. भजनात नुसता ऐकणारा कोणी नसतोच. ज्याला गाता येत नाही तोही टाळी धरतो. नामदेवांची पदे पुढे पंजाबात गेली. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत.

नामदेवांच्या घरी राहणाऱ्या जनाबाई मूळच्या गंगाखेडच्या, आपल्या शेजारच्या परभणी जिल्ह्यातल्या. त्यांच्या अभंगांत मात्र दळण आहे, कांडण आहे, शेणी वेचणे आहे. देवच येऊन जात्याला हात लावतो. पुरुषांचे गाणे मंडपात गेले. बाईचे गाणे जात्यापाशी राहिले.

कुस्तीचीही गोष्ट तशीच. राजाच्या विनोदांतली मल्लविद्या कालांतराने गावच्या तालमीत आली. सुगी आटोपली की जत्रा आणि जत्रेत कुस्त्यांची दंगल. लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्यांपासून शेवटच्या मोठ्या जोडीपर्यंत. कुस्तीला आखाडा होता, ठरलेला दिवस होता, म्हणून राजे गेले तरी ती टिकली. १९६१ साली महाराष्ट्र केसरीची पहिली स्पर्धा भरली ती मराठवाड्यातच, त्या वेळच्या औरंगाबादला. आपल्या पोरांचा हुतुतू घ्या. १९२३ साली बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने त्याचे नियम छापले. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तो जगाला करून दाखविला आणि १९९० साली तो कबड्डी म्हणून आशियाई स्पर्धांत दाखल झाला. ज्या खेळाला जागा, वेळ आणि नियम मिळाले, तो जगला.

आता जात्याकडे वळू. गावात आधी डिझेलवरची पिठाची गिरणी आली, मग वीज आली. जाते कोपऱ्यात गेले. ते गेले याचे दुःख करण्याचे कारण नाही. पहाटे तीनला उठून पायली पायली दळणाऱ्या बाईला विचारा, ती गिरणीला दुवाच देईल. पण जात्याबरोबर ओवीही गेली, हे आपल्या ध्यानात आले नाही. माहेर, भाऊ, सासरचा जाच, लेकीची पाठवणी, पंढरीची वाट. जे कोणापुढे बोलता येत नव्हते ते ती जात्याला सांगत होती. गिरणीने तिचे कष्ट वाचविले आणि तिची एकुलती एक जागाही नेली. वाचलेला वेळ तिच्या वाट्याला आला का? बहुतेक घरांत तो दुसऱ्या कामात खर्ची पडला. पुरुषाला पार राहिला, मंडप राहिला, तालीम राहिली. बाईला तसे काही उरले नाही.

सुदैवाने काहींनी हा ठेवा टिपून ठेवला. साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’ या संग्रहात बायकांच्या ओव्या एकत्र केल्या. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉयटेव्हिन यांनी आपल्या सहकाऱ्यांसह हजारावर गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. एक लाख! आणि रचणाऱ्या बहुतेक बायांना अक्षरओळख नव्हती. शेतकरी बाईला कसला छंद, असे म्हणणाऱ्याला हे पुरेसे उत्तर आहे.

तेव्हा शिक्षक मित्रांनो, एक काम तुमच्याकडे मागतो. शनिवारच्या सकाळच्या शाळेत एखादा तास मोकळा काढा. मुलांना सांगा, आजीपाशी बसा आणि तिला आठवतील त्या ओव्या वहीत उतरवून आणा. नुसत्या ओळी नकोत. ओवी कुणाकडून शिकली, कोणत्या कामाच्या वेळी गात होती, हेही लिहा. आणि महिन्यातून एक दुपार त्या आज्यांना शाळेत बोलवा, त्यांना गाऊ द्या, सुनांना आणि लेकींना शेजारी बसवा. जागा शाळेची, वेळ ठरलेली. याला पैसा लागत नाही.

आणि घरच्या कर्त्या पुरुषांना एवढेच सांगणे, की रात्री तुम्ही भजनाला निघता तेव्हा घरातल्या बाईचा दिवस संपलेला असतो का, हे एकदा मागे वळून पाहा. नऊशे वर्षांपूर्वी तिने मुसळाच्या ठेक्यावर गाणे धरले, कारण तिला दुसरा वेळ नव्हता. आज यंत्राने तो वेळ आणून दिला आहे. तो तिच्या हाती देणे आपल्याकडे आहे.