कितवीत आहेस?

रामदासपेठेत आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये संध्याकाळी सहाच्या सुमाराला पाच-सात मुलं जमतात. एकाचे वडील आमच्याकडेच चौकीदार आहेत, दोघा बहीण-भावांची आई चार घरची धुणीभांडी करते, एकीची आई सेंट्रल बाजार रोडवरच्या एका हॉस्पिटलात आया आहे. येणारा-जाणारा त्यांना एकच प्रश्न विचारतो, ‘कितवीत आहेस?’ उत्तरं खणखणीत येतात. तिसरी. चौथी. पाचवी.

दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये यातल्या एका चौथीतल्या मुलीला मी पेपरातली ठळक ओळ वाचायला दिली. ‘पावसाची हजेरी’, एवढीच. तिनं बोट ठेवलं. पा. व. सा. ची. प्रत्येक अक्षर स्वच्छ, बरोबर. मग ती पुन्हा पहिल्यापासून निघाली, कारण ‘ची’पर्यंत पोचेस्तोवर ‘पा’ निसटून गेला होता. तिसऱ्या खेपेला तिनं कागद खाली ठेवला आणि म्हणाली, ‘‘काकू, अक्षर येते मले. शब्द नाई बनत.’’

इतकं नेमकं निदान प्रगतिपुस्तकात कुठंच नव्हतं. तिथं चौथी लिहिलेलं होतं आणि चौथी हे तिच्या वयाचं उत्तर होतं, वाचनाचं नव्हे. खरं तर ‘इयत्ता’ हा शब्द वयाचा नाहीच. संस्कृतात ‘इयत्’ म्हणजे इतका. इयत्ता म्हणजे इतकेपणा, मोजमाप, मर्यादा. कितवीत आहेस याचा शब्दशः अर्थ लावायचा तर ‘तुझं ज्ञान किती?’ असा लागतो. मोजायचा शब्द वय सांगायच्या कामाला कसा लागला, याची गोष्ट बरीच लांबची आहे.

पंतोजीच्या शाळेत इयत्ता नव्हती. ओसरीवर किंवा देवळात वीस-पंचवीस पोरं. एक धूळपाटीवर ओनामा गिरवतोय, दुसरा बाराखडीत अडकलाय, तिसरा मोडीचं वळण घोटतोय, चौथा पावकी-निमकी घोकतोय. ज्याला जे येईल तिथून त्याची गाडी पुढं. पंतोजी एकटा, म्हणून पुढच्या पोरानं मागच्याला शिकवायचं. या शाळेचे गोडवे गायचं कारण नाही. छडी होती, पाठांतर होतं, आणि ओसरीवर कोणाच्या पोरांनी चढायचं हे जात ठरवत होती. मुलींचा तर प्रश्नच नव्हता. पण एवढं खरं, की आपली बाराखडी कच्ची असताना मोडीचा कागद कोणी पुढ्यात टाकत नव्हतं.

हीच तऱ्हा मद्रासकडच्या गावठी शाळांत होती. १७८९ पासून मद्रासच्या एग्मोर भागात लष्करी अनाथाश्रमाची व्यवस्था पाहणाऱ्या अँड्र्यू बेल या स्कॉटिश पाद्र्यानं मुलांना वाळूत बोटानं अक्षरं गिरवताना पाहिलं. त्यानं ती युक्ती उचलली, मोठ्या मुलांना छोट्यांवर नेमलं आणि १७९७ मध्ये लंडनला त्यावर पुस्तक छापलं. पुढच्याच वर्षी जोसेफ लँकेस्टरनं लंडनच्या बरो रोडवर गरीब मुलांची शाळा काढली आणि या पद्धतीची घडी बसवली. वाचनासाठी त्याचे वर्ग असे: पहिल्यात नुसती अक्षरं, दुसऱ्यात दोन अक्षरांचे शब्द, मग तीन, मग चार, आणि असं करत बायबलपर्यंत. गणिताचे वर्ग निराळे. वाचनात पाचव्या वर्गात बसणारा मुलगा हिशेबात दुसऱ्यात बसू शकत होता. एक पायरी आली की त्याच दिवशी पुढं जायचं, वर्षाची वाट पाहायची नाही.

आणि मग हा प्रवासी घरी परतला. १८२० च्या दशकात गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या काळात मुंबईत जी शाळापुस्तक मंडळी स्थापन झाली, पुढं जिचं नाव बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी पडलं, तिनं आपल्या मराठी-गुजराती शाळांसाठी लँकेस्टरचीच पद्धत पसंत केली. ओसरीवरची वस्तू लंडनचा शिक्का मारून मुंबईला उतरली.

‘स्टँडर्ड’ हा शब्द मात्र नंतरचा. १८६२ मध्ये रॉबर्ट लो यानं इंग्लंडात नियमावली आणली: सरकारी पैसा हवा तर निरीक्षकासमोर मुलांनी वाचून, लिहून, हिशेब करून दाखवायचा. त्यासाठी सहा स्टँडर्ड ठरवली. पहिल्यात एकेका स्वराचे सोपे शब्द, तिसऱ्यात वाचनपुस्तकातला छोटा परिच्छेद, पाचव्यात कवितेच्या काही ओळी, सहाव्यात वर्तमानपत्रातला साधा परिच्छेद. मूल एका विषयात नापास झालं की शाळेचे दोन शिलिंग आठ पेन्स कापले जात. त्यामुळं मास्तरांनी पुस्तकंच पोरांकडून पाठ करून घेतली. कवी मॅथ्यू अर्नोल्ड स्वतः शाळा-निरीक्षक होता आणि त्यानं यावर सडकून टीका केली. थोड्याच वर्षांत ही पद्धत मुंबई इलाख्यातही पोचली. स्टँडर्डला मराठीत इयत्ता हा शब्द रुळला आणि त्या क्षणापुरता तो चपखल होता, कारण स्टँडर्ड हे तेव्हा मापच होतं.

माप वर्षाला बांधलं गेलं ते एक खोली, एक मास्तर, एक वर्ष या नव्या शाळेमुळं. बॉस्टनच्या क्विन्सी शाळेनं १८४८ च्या सुमाराला असे वयवार वर्ग थाटले आणि तो साचा जगभर गेला, आपल्याकडेही आला. तरी पास-नापास होतं तोवर इयत्तेत मापाचा थोडा अंश शिल्लक होता. माझी आजी ‘मराठी चौथी पास’ होती. ते सांगताना तिला ‘मला पत्र वाचता येतं, किराण्याचा हिशेब येतो’ असंच सांगायचं असे. १ एप्रिल २०१० ला शिक्षण हक्क कायदा लागू झाला, त्यात वयानुरूप प्रवेश आला आणि आठवीपर्यंत नापास करणं थांबलं, निदान २०१९ च्या दुरुस्तीपर्यंत. नऊ वर्षांच्या पोराला नापासाचा शिक्का मारून काही साधत नव्हतं, तेव्हा झालं ते बरंच झालं. पण नापास करणं गेलं, त्यासोबत मोजणंही गेलं. इयत्ता म्हणजे वाढदिवस, एवढंच उरलं.

मधल्या काळात शाळांनी एक वेगळीच वाटणी शोधली होती. तिचं नाव तुकडी. फौजेचा शब्द, आणि वापरही फौजेसारखाच. बाबांची बदली गोंदियाहून नागपूरला झाली तेव्हा जुलै अर्धा सरला होता. पाचवीच्या अ, ब, क तुकड्या मार्कांप्रमाणे भरून गेल्या होत्या. मला ड मिळाली. वर्णमालेत ड च्या पुढं काय येतं हे अ तुकडीतल्या पोरांना पाठ होतं आणि मधल्या सुट्टीत ते एकसुरात म्हणून दाखवत. आता हे ‘ढ’ प्रकरण पाहा. अशोकाच्या शिलालेखांतली ब्राह्मी आज तुम्हा-आम्हाला वाचता यायची नाही, पण त्यातला ढ मात्र जवळजवळ आजच्यासारखाच आहे. सव्वादोन हजार वर्षांत ज्याच्यात काही सुधारणा झाली नाही तो ढ, अशी व्युत्पत्ती सांगतात. खरी असो-नसो, ती रचणारा नक्कीच कोणी मास्तर असणार.

ड तुकडीला नवी पुस्तकं मिळत, नवे शिक्षक मिळत नसत. पाचवीत गेलेलं पोर दहावीपर्यंत तिथंच. माझ्या शेजारच्या बाकावरची मुलगी पाढ्यांत अख्ख्या शाळेला भारी होती, पण तिला वाचता येत नव्हतं म्हणून ती सगळ्यातच ड. मी दुसऱ्या वर्षी बाबांच्या अर्जामुळं ब मध्ये गेले. तिच्या घरून अर्ज लिहिणारं कोणी नव्हतं.

अमेरिकेतही हेच झालं, फक्त तिथं तुकड्यांना पक्ष्यांची नावं. निळे पक्षी, लाल पक्षी. कोणते पक्षी उडतात आणि कोणते नाहीत हे सहा वर्षांच्या पोरांना पहिल्याच आठवड्यात कळायचं. मिसूरी राज्यातल्या जॉप्लिन गावानं १९५० च्या दशकात वेगळं करून पाहिलं. वाचनाच्या तासाची घंटा झाली की चौथी, पाचवी, सहावीची मुलं आपापले वर्ग सोडून वाचनाच्या पातळीप्रमाणे निराळ्या खोल्यांत जात, आणि तास संपला की परत आपल्या वर्गात. रॉबर्ट स्लाव्हिन या शिक्षणसंशोधकानं १९८७ मध्ये प्राथमिक शाळांतले असे सगळे प्रयोग एकत्र तपासले. दिवसभरासाठी हुशार-कच्चे असे वर्ग पाडून फायदा झाल्याचं दिसत नाही, असं त्याला आढळलं. जॉप्लिनच्या पद्धतीनं मात्र वाचन सुधारलं होतं. वाटणी तीच. एक तासाभराची, दुसरी जन्माची.

आपल्याकडे ही तासाभराची वाटणी मुंबईतून आली. १९९० च्या दशकाच्या मध्यावर माधव चव्हाण आणि फरिदा लांबे यांनी ‘प्रथम’ ही संस्था उभी केली. चव्हाण रसायनशास्त्राचे प्राध्यापक, लांबे समाजकार्याच्या. महापालिका शाळांत तिसरी-चौथीची मागे पडलेली पंधरा-वीस मुलं वस्तीतलीच एखादी शिकलेली तरुणी दोन तास वेगळी बसवायची. ती ‘बालसखी’. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांनी २००१ पासून मुंबई आणि वडोदऱ्यात हे मोजून पाहिलं. बालसखीकडं गेलेली मुलं पुढं सरकली. वर्गात मागं राहिलेल्यांना गर्दी कमी होऊनही काही लाभ झाला नाही. म्हणजे पोरं कमी केली म्हणून काही होत नाही, पोराला जे अडतं ते शिकवलं तरच होतं. २०१९ च्या अर्थशास्त्राच्या नोबेलमागं अशाच प्रयोगांची रांग आहे. (अभिजित विनायक बॅनर्जींची आई निर्मला माहेरच्या पाटणकर, हे मराठी माणसानं सांगितल्याशिवाय राहवत नाही.)

‘प्रथम’नं पुढं बालसखी बाजूला ठेवून तिसरी ते पाचवीची सगळीच मुलं तासाभरासाठी एकत्र मिसळली आणि स्तराप्रमाणे बसवली. पद्धतीच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं जुळवून ‘कमाल’ असं नाव निघालं. २००५ पासून मुलांच्या वाचनाची ‘असर’ ही पाहणी ज्या कागदावर होते, तोच कागद इथं माप. त्यात चार गोष्टी: अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. एकेका मुलाला जवळ बसवायचं. सुरुवात परिच्छेदापासून. तो आला तर गोष्ट द्यायची, अडला तर शब्द, तेही अडले तर अक्षरं. एका मुलाला पाच मिनिटंही लागत नाहीत. २०२२ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या ४२.८ टक्के मुलांनाच यातली गोष्ट वाचता आली होती. महाराष्ट्रात २०१५ च्या जूनमध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय निघाला, पायाभूत चाचण्या आल्या, मग ‘अध्ययन स्तर निश्चिती’ आली. जिल्हा परिषदेचे गुरुजी आता सरळ बोलतात, ‘‘हा शब्दस्तरावर आहे, ती गोष्टीवर गेली.’’ इतकेपणा सांगणारा शब्द पुन्हा सापडला. इयत्तेची जागा वयानं घेतलेली असल्यामुळं त्याला दुसरं नाव घ्यावं लागलं, एवढंच.

या शब्दाचंही तुकडी व्हायला वेळ लागणार नाही, ही भीती मला आहे. ‘अप्रगत’ हा शब्द सरकारी तक्त्यातून निघून पोरांच्या तोंडी यायला किती दिवस लागले, ते आठवून पाहा. स्तर वहीच्या कव्हरवर लिहिला की संपलं. तो खडूनं लिहायचा असतो.

आमच्या पार्किंगमध्ये खडूच आहे. जमिनीवर चार चौकोन, आणि दर पंधरा दिवसांनी सगळ्यांना पुन्हा तोच कागद. त्या मुलीला अक्षरांच्या चौकोनात बसवलं तेव्हा तिचा दुसरीतला भाऊ परिच्छेदाच्या चौकोनात होता. दोन दिवस ती आलीच नाही. तिसऱ्या दिवशी आली ती भावाला घरी ठेवून. बाराखडीचा तक्ता रोज दहा मिनिटं मोठ्यानं, मग त्याच अक्षरांचे शब्द, मग ते शब्द घालून तिच्याच तोंडची दोन वाक्यं. शब्द बनायला सात आठवडे लागले. दिवाळीच्या सुट्टीत ती परिच्छेदावर गेली, फेब्रुवारीत गोष्टीवर. आता ती सहावीत आहे आणि खडू तिच्याकडे असतो.

तुमच्या जिन्याखाली, गेटजवळ अशी मुलं असतील. त्यांना एकदा कितवीत आहेस हे न विचारता चार ओळी वाचायला द्या.