‘यवतमाळ’चा ळ आणि बेझिए वक्र

नोड हा शब्द व्हेक्टर रेखाटनातला आहे. इथे रेघ रंगीत ठिपक्यांनी नव्हे, गणिती सूत्राने साठवली जाते. त्यामुळे व्हिजिटिंग कार्डावरचं ‘यवतमाळ’ फलकाएवढं मोठं केलं तरी अक्षरांच्या कडा दातेरी होत नाहीत.

सूत्राचं मूळ मोटारींच्या कारखान्यात आहे. सित्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्झो यांनी 1959 मध्ये ही पद्धत शोधली. पण कंपनीने ती गुप्त ठेवली आणि नाव लागलं रेनॉच्या पिएर बेझिए यांचं. वक्राच्या दोन टोकांना नोड असतात आणि प्रत्येक नोडमधून निघणारी दांडी बाक ठरवते.

अडचण होते ती ळ काढताना. नवशिका त्याच्या दोन गोलायांवर भराभर नोड टाकत जातो आणि प्रत्येक जास्तीच्या नोडपाशी रेघ किंचित ठेचकाळते. जाणकार गोलाईच्या अगदी वरच्या, खालच्या, डाव्या, उजव्या टोकालाच नोड ठेवतो. दांड्या आडव्या किंवा उभ्या. पूर्ण वर्तुळालाही चारच नोड पुरतात, फक्त दांडीची लांबी त्रिज्येच्या सुमारे 0.55 पट हवी.

वाचकांनी हे स्वतः पाहावं. ‘एक टाइप’चा मुक्त परवान्याचा ‘मुक्त’ फाँट घ्यावा, इंकस्केप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ळ टाइप करावा, त्याचं पाथमध्ये रूपांतर करून नोड तपासावेत. ट्रूटाइप फाइलीतले वक्र द्विघाती असल्याने तिथे नोड थोडे जास्त दिसतील.
— संपादक