खण उघडणारा माणूस

मुलांना वन्यजीवांचे आणि त्यांच्या अधिवासांचे रक्षण करायला शिकवावे, हा विचार आपल्याकडे कधी रुजला? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपण बहुधा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापाशी किंवा सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांपाशी थांबतो. कायद्याचा इतिहास म्हणून ते ठीकच आहे. शिकवण्याचा इतिहास मात्र त्याहून जुना आहे आणि त्याचा एक महत्त्वाचा धागा मुंबईत आणि जुन्या कुलाबा जिल्ह्यात सापडतो.

१८८३ साली मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. तिच्या आठ संस्थापकांपैकी दोघे आपले होते. प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग हे एक, आणि रखमाबाईंचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन हे दुसरे. संस्थापकांपैकीच एडवर्ड हॅमिल्टन एटकिन हे साताऱ्यात जन्मलेले. ‘एहा’ या नावाने लिहीत आणि मुंबईच्या नेहमीच्या पक्ष्यांवर त्यांचे पुस्तक होते. सोसायटीच्या त्या काळच्या मंडळींत शिकारी बरेच होते. प्राणी ओळखायचा तर आधी मारायचा, अशीच तेव्हाची रीत होती.

या रीतीतच पुढची गोष्ट घडली. १९०८च्या सुमारास मामांकडे वाढणाऱ्या सलीम अली नावाच्या दहा-अकरा वर्षांच्या पोरक्या मुलाने छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. नेहमीच्या चिमणीला तो नसतो. ही कोणती चिमणी, हे मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांना सांगता येईना. पण ते सोसायटीचे सभासद होते. त्यांनी भाच्याला सोसायटीचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे धाडले.

मिलार्ड हे काही शिक्षक नव्हते. पोटापाण्यासाठी ते मद्याच्या व्यापारात होते. त्यांनी मुलाचा प्रश्न ऐकला, पक्षी ओळखून दिला, आणि मग कपाटांचे खण एकामागून एक उघडून भुसा भरलेले शेकडो पक्षी त्याच्यापुढे ठेवले. वाचायला पुस्तके दिली, त्यांत ‘एहा’चे पुस्तकही होते. ‘पक्ष्यांवर दया कर’ असा उपदेश त्यांनी केल्याची नोंद नाही. एका मुलाचा प्रश्न त्यांनी मोठ्या माणसाचा प्रश्न असावा तसा घेतला, इतकेच. भारतातल्या पक्षिसंवर्धनाचा पुढचा बराच इतिहास त्या उघडलेल्या खणांतून निघाला, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

सलीम अलींना विद्यापीठाची पदवी मिळाली नाही. त्यामुळे झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियातली पक्षितज्ज्ञाची जागा हुकली. १९२६ साली मात्र प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या, नव्या निसर्गविभागात त्यांना ‘गाइड लेक्चरर’ म्हणून नेमले गेले. पगार महिना ३५० रुपये. या पदाचे महत्त्व आपल्या लक्षात आलेले नाही. मिलार्ड यांनी जे एका मुलासाठी फावल्या वेळात केले, ते येणाऱ्या प्रत्येकासाठी पगारी माणसाने करावे, अशी ही सोय होती.

तिचे पुढे काय झाले? दोन वर्षांत सलीम अलींना स्वतःलाच कामाचा कंटाळा आला. १९२८ साली रजा घेऊन ते बर्लिनला प्रा. एर्विन श्ट्रेझेमान यांच्याकडे शिकायला गेले. १९३० साली परतले तर पैशांअभावी ती जागाच रद्द झालेली. येथे दोन गोष्टी नोंदवाव्याशा वाटतात. काटकसरीची वेळ आली तेव्हा दाखवून सांगणारा माणूस आधी गेला. काचेची कपाटे राहिली. आणि जातिवंत निरीक्षकालाही काचेपलीकडचा पक्षी फार दिवस पुरला नाही. काचेतला पक्षी नाव सांगतो. तो काय खातो, घर कुठे बांधतो, हे सांगत नाही. अधिवास काचेत मावत नाही.

नोकरी गेली म्हणून सलीम अली आणि त्यांच्या पत्नी तहमिना अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेले. तिथे त्यांच्यासमोर सुगरणींची वसाहत होती. पावसाळाभर त्यांनी ती पाहिली. नर घरटे विणायला घेतो, अर्धे झाले की माद्या पाहणीला येतात. एखादीला पसंत पडले की तो ते पुरे करतो आणि लगेच दुसरे विणायला घेतो, हा क्रम त्यांनी टिपला.

मराठी वाचकाला इथे बहिणाबाई चौधरी आठवल्याशिवाय राहत नाहीत. सुगरणीच्या खोप्यावरची त्यांची कविता मराठी मुलांच्या पिढ्यांनी पाठ केली. त्या कवितेत घर बांधणारी आई आहे, आणि आपल्या भाषेने पक्ष्याला नावही स्त्रीलिंगीच दिले. किहीमला मात्र विणकर नर निघाला. म्हणून कविता खोटी ठरते का? मला तसे वाटत नाही. खानदेशातली शाळेत न गेलेली शेतकरी बाई आणि पदवी नसलेला मुंबईचा संशोधक, दोघांनी एकाच पक्ष्याकडे टक लावून पाहिले. कविता शिकवून मुलांना विहिरीवर नेले आणि ‘विणतोय तो कोण, बघा’ एवढे म्हटले, तर पुढचे सगळे ती स्वतः विचारतील. घरट्याला गवताची आणि भाताच्या पात्यांची चिरफळी लागते, टांगायला शिंदी किंवा बाभूळ लागते, खाली पाणी असले तर शत्रू पोहोचत नाही, पिलांना किडे लागतात. बाभूळ तोडली, विहीर बुजवली, शेतात औषध मारले, की काय होईल, हे मग वेगळे सांगावे लागत नाही.

स्वातंत्र्यानंतर व्यवस्था वाढली. १९५२ साली भारतीय वन्यजीव मंडळ आले, ऑक्टोबरात वन्यजीव सप्ताह साजरा होऊ लागला. १९७६च्या घटनादुरुस्तीने वने, नद्या, सरोवरे आणि वन्यजीव यांचे रक्षण हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरवले. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरण हा सक्तीचा विषय करण्यास सांगितले आणि २००३ साली त्याच्या अंमलबजावणीचा आग्रह धरला. हे सारे आवश्यकच होते. त्यावाचून हा विषय शाळेच्या दारातही आला नसता.

पण आदेशाने विषय आला, तास आला, गुण आले. १९२६ सालचे ते पद आले नाही. परिसर अभ्यासाचे पुस्तक शिकवणाऱ्या शिक्षकाला स्वतःला कुणी कधी सुगरण दाखवली आहे का, हे आपण विचारत नाही. सोसायटीचे गोरेगावचे निसर्गशिक्षण केंद्र मुंबईच्या मुलांना जवळ आहे. माण किंवा मेळघाटच्या मुलाला नाही. त्याच्या गावात पक्षी ओळखणारे गुराखी आहेत, वनरक्षक आहेत, निवृत्त मास्तर आहेत. एकाही शाळेच्या वेळापत्रकात त्यांचे नाव नसते, कारण त्यांच्याकडे पदवी नसते किंवा त्यांच्यासाठी तरतूद नसते.

सलीम अलींच्या बाबतीतही नेमकी हीच दोन कारणे होती. आठवड्यातला एक तास आणि तालुक्याला एक माणूस, एवढी तरतूद करायला नव्या कायद्याची गरज नाही. १९०८ साली तर मानधनाचीही गरज पडली नव्हती.