चर्वणभार आणि हनुसंधीची कूर्चा

अन्न चावताना जबड्याच्या सांध्यावर येणारा दाब आणि तेथील कूर्चेची वाढ यांचा संबंध. खालच्या जबड्याच्या दोन्ही वरच्या टोकांवरील अस्थिकंदांना ही कूर्चा झाकते. लांब हाडांत आधी कूर्चा येते, मग तिचे हाड होते. येथे क्रम उलटा. जबड्याचे हाड धरू लागल्यावर, गर्भाच्या सुमारे १० ते १२ व्या आठवड्यात ती दिसू लागते. म्हणून तिला दुय्यम कूर्चा म्हणतात. तंतुमय आवरणाखालच्या थरात तिच्या नव्या पेशी घडतात, आणि दाबाचा परिणाम प्रामुख्याने याच थरावर होतो.

आईचे दूध सुटलेल्या उंदरांच्या पिलांवर याचे प्रयोग झाले. काहींना कडक गोळ्या दिल्या, काहींना त्याच गोळ्या दळून, पाण्यात कालवून. मऊ खाणाऱ्यांची कूर्चा बहुधा पातळ राहिली, पेशींचे विभाजन मंदावले. पोषण कमी पडले असेल, हा आक्षेप येथे फारसा टिकत नाही. खाद्य तेच होते. उंदीर कुरतडतो, माणूस दाढांनी दळतो, हा आक्षेप मात्र वजनदार आहे. शिवाय अति दाबाने हीच कूर्चा झिजते. तेव्हा भार हवा, पण जितका जास्त तितका चांगला, असे म्हणता येत नाही.

पदार्थाच्या नावावरून भार ठरवणे ही यातली नेहमीची चूक. भूम तालुक्याकडची (जि. धाराशिव) ज्वारीची कडक भाकरी आमटीत कुस्करली की तिचा भार बराच उतरतो. तोच तुकडा कोरडा, शेंगदाण्याच्या चटणीबरोबर उजव्या दाढांनी चावला, तर साधारणपणे डाव्या सांध्यावर जास्त दाब येतो. याच तालुक्यातल्या कुंथलगिरीचा खवा तर जिभेवरच विरतो.

चावण्याच्या भाराचा महाराष्ट्रातील प्राचीन पुरावा इनामगावचा (जि. पुणे). डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलेल्या या ताम्रपाषाणयुगीन वस्तीत तोंडाला तोंड लावलेल्या दोन कुंभांत पुरलेली अनेक मुले सापडली. तेथील दात व अस्थींचा अभ्यास जॉन लुकाक्स व सुभाष वाळिंबे यांनी केला. कूर्चा मातीत टिकत नाही; त्यामुळे अशा सांगाड्यांवरून दातांची झीज आणि अस्थिकंदाचा आकार एवढेच वाचता येते, आणि त्यावरून कूर्चेविषयी ठाम विधान करू नये.

सल्ला : वाढत्या वयात रोजच्या जेवणात चावून खायचे अन्न असावे, सांधा दुखत किंवा अडकत असेल तर कडक खाणे थांबवून दंतवैद्याला दाखवावे.