फिल्मवर कोरलेले संगीत : नॉर्मन मॅक्लॅरन यांची कारकीर्द

नॉर्मन मॅक्लॅरन यांचा जन्म ११ एप्रिल १९१४ रोजी स्कॉटलंडमधील स्टर्लिंग या गावी झाला. संगीत आणि चित्र एकाच पट्टीवर, एकाच हाताने घडवता येतात, हे त्यांनी सुमारे पन्नास वर्षे लघुपट करून सिद्ध केले. यातल्या बहुतेक लघुपटांची लांबी दहा मिनिटांच्या आतबाहेर आहे. त्यांत संवाद जवळजवळ नाहीत; संगीत हाच त्यांचा कणा आहे.

ग्लासगोच्या कलाशाळेत शिकत असताना जर्मन कलावंत ऑस्कर फिशिंगर यांचा एक लघुपट त्यांच्या पाहण्यात आला. ब्राह्म्स यांच्या हंगेरियन नृत्यसंगीतावर त्यात केवळ अमूर्त आकार नाचत होते. कथा किंवा पात्रे नसतानाही चित्रपट उभा राहतो, ही खात्री मॅक्लॅरन यांना तेथे मिळाली. मात्र कॅमेरा मिळणे कठीण होते. तेव्हा त्यांनी जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मवरचा थर धुऊन काढला आणि पारदर्शक झालेल्या पट्टीवर थेट रंग चढवला. कॅमेऱ्याशिवाय चित्रपट करण्याची ही रीत पुढे त्यांची ओळख ठरली. याच काळात चित्रपटकार लेन लाय हेही लंडनमध्ये स्वतंत्रपणे असेच प्रयोग करत होते.

ग्लासगोच्या हौशी चित्रपट महोत्सवात माहितीपटांचे प्रवर्तक जॉन ग्रीअरसन यांनी त्यांचे काम पाहिले. १९३६ मध्ये ब्रिटिश टपाल खात्याच्या चित्रपट विभागात त्यांना नोकरी मिळाली. १९३९ मध्ये ते न्यूयॉर्कला गेले. तेथे ‘डॉट्स’ आणि ‘लूप्स’ (१९४०) या लघुपटांत त्यांनी पुढचे पाऊल टाकले : चित्राबरोबर आवाजही टाक आणि शाईने काढला.

हे शक्य झाले ते त्या काळच्या ध्वनिमुद्रणाच्या पद्धतीमुळे. बोलपटाच्या फिल्मवर चित्रचौकटींच्या बाजूला एक अरुंद ध्वनिपट्टी असते. तिच्यावरील काळ्यापांढऱ्या खुणांमधून प्रकाश कमीजास्त जातो आणि यंत्र त्या चढउतारांचा ध्वनी करते. याचा अर्थ, तेथे हाताने खुणा काढल्या तरी आवाज उमटणारच. मॅक्लॅरन यांनी पुढे यासाठी कार्डांचा संच तयार केला. प्रत्येक कार्डावर एका स्वराचे पट्टे होते. पट्टे जितके दाट, तितका स्वर उंच. खुला भाग जितका रुंद, तितका आवाज मोठा. ही कार्डे क्रमाने ध्वनिपट्टीवर छायाचित्रित केली की वाद्याविना चाल तयार होई. म्युनिकच्या रुडॉल्फ फेनिंगर यांनी १९३०च्या दशकाच्या आरंभी अशी कार्डे वापरली होती. मॅक्लॅरन यांनी या तंत्राला संगीतरचनेचे रोजचे साधन बनवले.

१९४१ मध्ये ग्रीअरसन यांनी त्यांना कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळात बोलावले. युद्धकाळात बचतीचा प्रचार करणारे लघुपट करता करता त्यांनी तेथे अॅनिमेशन विभाग उभारला आणि तरुण कलावंत घडवले. एव्हलिन लॅम्बर्ट या त्यांच्या दीर्घकाळच्या सहकारी. दोघांनी मिळून केलेल्या ‘बिगॉन डल केअर’ (१९४९) मध्ये जॅझ पियानोवादक ऑस्कर पीटरसन यांच्या त्रयीचे वादन आहे. वादन आधी मुद्रित झाले, मग त्याच्या ठेक्यांची नोंद चौकटीनुसार केली गेली. द्रुत भागांत चौकटींच्या सीमा न पाळता फिल्मभर रंग, धूळ आणि जाळीदार कापडाचे ठसे वापरले आहेत. मधल्या विलंबित भागात मात्र काळ्या फिल्मवर ओरखडलेल्या मोजक्या पांढऱ्या रेषा थरथरतात. लयीनुसार साहित्यच बदलण्याची ही कल्पना या लघुपटाला अजोड करते.

‘नेबर्स’ (१९५२) मध्ये त्यांनी जिवंत माणसांना बाहुल्यांप्रमाणे चौकट-चौकट हलवले. एका फुलावरून दोन शेजारी एकमेकांचा जीव घेतात, अशी ही युद्धविरोधी कथा आहे. तिचे सारे संगीत कार्डांच्या पद्धतीने घडवलेले आहे. या लघुपटाला ऑस्कर पुरस्कार मिळाला.

युनेस्कोच्या शिक्षणकार्यासाठी मॅक्लॅरन १९४९ मध्ये चीनला गेले आणि १९५०च्या दशकाच्या आरंभी भारतात आले होते. भारतीय संगीताशी त्यांचे थेट नाते ‘अ चेअरी टेल’ (१९५७) मध्ये जुळले. क्लोद जुत्रा यांच्यासह केलेल्या या लघुपटात एक खुर्ची माणसाला बसू देत नाही आणि दोघांत रुसवेफुगवे चालतात. शब्दांची जागा रविशंकर यांची सतार आणि चतुरलाल यांचा तबला घेतात.

याआधी ‘ब्लिंकिटी ब्लँक’ला (१९५५) कान महोत्सवात लघुपटांचा सर्वोच्च सन्मान मिळाला होता. त्यात काळ्या फिल्मवर मोजक्याच चौकटी कोरल्या असून बाकीच्या रिकाम्या आहेत. मोरिस ब्लॅकबर्न यांच्या संगीतातल्या विरामांइतकेच महत्त्व येथे अंधाराला आहे. ‘लाइन्स व्हर्टिकल’ (१९६०) आणि ‘लाइन्स हॉरिझॉन्टल’ (१९६२) यांत फक्त सरळ रेषा सरकतात. दुसऱ्याला पीट सीगर यांचे संगीत आहे. या दोन्हींच्या रेषा जेथे छेदतात ते बिंदू घेऊन ‘मोझेक’ (१९६५) तयार झाला. ‘पा द दा’ (१९६८) मध्ये दोन बॅले नर्तकांच्या प्रतिमा एकावर एक मुद्रित केल्या, आणि हालचालीचा मागोवा पडद्यावर दिसू लागला. ‘सिंक्रोमी’ (१९७१) मध्ये ध्वनिपट्टीवरील पट्टेच रंगवून पडद्यावर आणले. प्रेक्षक ऐकतो तेच पाहतो, आणि ‘डॉट्स’पासून चाललेला शोध येथे पूर्णत्वाला जातो.

‘नार्सिसस’ (१९८३) हा त्यांचा शेवटचा लघुपट. २७ जानेवारी १९८७ रोजी माँट्रियलमध्ये त्यांचे निधन झाले. २००९ मध्ये युनेस्कोने ‘नेबर्स’ची जागतिक स्मृती नोंदवहीत नोंद केली. व्यापारी चित्रपटसृष्टीबाहेर, सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संस्थेने एका प्रयोगशील कलावंताला चार दशके मोकळीक दिली, म्हणूनच हे काम उभे राहिले. कलेला राजाश्रय कसा द्यावा, याचा विसाव्या शतकातला हा एक उत्तम दाखला आहे.