सरांचं पत्र

मागच्या महिन्यात सहज म्हणून ईमेलमधला 'स्पॅम'चा कप्पा उघडला. लॉटरी, बिनतारण कर्ज, केस उगवायचं तेल.. आणि त्या गर्दीत आमचे शाळेतले गणिताचे सर! अठरा दिवसांपूर्वीचं पत्र. इंग्रजी कॅपिटल अक्षरांत लिहिलेलं मराठी, विषयाच्या जागी नुसतं 'अर्जंट'. काकूंच्या ऑपरेशनआधी आणखी कोणाला दाखवावं का, असं विचारलं होतं. घाईघाईने फोन केला. म्हणाले, "अरे, मला वाटलं तू कामात असशील." रागावले असते तर बरं वाटलं असतं.

त्या रात्री हे स्पॅम प्रकरण मुळापासून वाचत बसलो.

स्पॅम हा मुळात डबाबंद मांसाचा अमेरिकी ब्रँड, १९३७ सालचा. १९७० मध्ये 'माँटी पायथन' या ब्रिटिश विनोदी कार्यक्रमात एक प्रहसन झालं. त्यातल्या उपाहारगृहात जवळजवळ प्रत्येक पदार्थात स्पॅम, आणि 'स्पॅम स्पॅम' असं गाणाऱ्यांच्या गोंगाटात बाकीच्यांचं बोलणं बुडून जातं. नको असलेल्या संदेशांना हे नाव तिथून चिकटलं. म्हणजे या नावातली खरी तक्रार माल वाईट असल्याची नाही, दुसऱ्याचा आवाज बुडाल्याची आहे.

पहिला मान गॅरी थुर्क यांना देतात. मे १९७८ मध्ये त्यांनी डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या संगणकांची जाहिरात अर्पानेटवरच्या सुमारे ४०० जणांना एकदम पाठवली. १९९४ मध्ये कँटर आणि सीगल या वकील जोडप्याने ग्रीन कार्ड लॉटरीची जाहिरात यूजनेटच्या हजारो चर्चागटांत टाकली. त्यानंतर हा पूर काही थांबला नाही.

पुराला बांध हवाच. पण बांध घालणाऱ्यांच्या चुका सुरुवातीपासून आहेत. १९९६ मध्ये इंग्लंडमधल्या स्कन्थॉर्प गावच्या लोकांना एओएलवर खातंच उघडता येईना. कारण? गावाच्या नावाच्या स्पेलिंगमध्ये एक असभ्य शब्द दडलेला! चाळणीला अक्षरं दिसली, गाव दिसलं नाही.

२००२ मध्ये पॉल ग्रॅहॅम यांनी वेगळी वाट मांडली. बंदी घातलेल्या शब्दांची यादी करत बसू नका. माणसाला आलेली चांगली पत्रं आणि कचरा दोन्ही यंत्राला दाखवा, आणि कोणता शब्द कुठे किती वेळा येतो यावरून त्यालाच शक्यता काढू द्या. मला आवडली ती त्यातली एक लहानशी गोष्ट. चांगल्या पत्रांतल्या शब्दांची संख्या ते मुद्दाम दुप्पट धरत. कचरा आत आला तर चालेल, पण खरं पत्र बाहेर राहता कामा नये, म्हणून तराजू जाणूनबुजून सज्जनाकडे झुकवलेला.

पुढे नुसता मजकूर तपासून भागेना, तेव्हा पाठवणाऱ्याची ओळख तपासणं आलं. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क ही त्याची साधनं. हा सर्व्हर या पत्त्याच्या वतीने पत्र पाठवू शकतो का, पत्रावरची डिजिटल सही खरी का, आणि नसली तर पत्राचं काय करायचं. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू यांनी मोठ्या संख्येने मेल पाठवणाऱ्यांना ही तिन्ही सक्तीची केली.

हे सगळं आवश्यक आहे, मान्य. पण ओळखपत्र खरं असलं तरी माणूस गोंधळून, घाईत, कॅपिटल अक्षरांत लिहितो तेव्हा तो नेमका ठगासारखा दिसतो. ठग तरी काय करतात? अडचणीतल्या माणसाचीच नक्कल करतात ना!

आणि या चुकीचा आवाज होत नाही. आत आलेला कचरा आपल्याला दिसतो, आपण चिडतो. बाहेर राहिलेलं पत्र कोणालाच दिसत नाही. लिहिणाऱ्याला वाटतं याने उत्तर दिलं नाही, आणि ज्याला लिहिलं त्याला काही ठाऊकच नसतं. जीमेलमध्ये तर तीस दिवसांनी तो कप्पा आपोआप रिकामा होतो. आणखी बारा दिवस गेले असते तर सरांच्या मनात मी कायमचा 'मोठा झालेला' विद्यार्थी राहिलो असतो.

असो. काकूंचं ऑपरेशन नीट झालं. सरांचा पत्ता मी ओळखीच्यांच्या यादीत घातलाय, त्या पत्रावर 'हे स्पॅम नाही' अशी खूणही केली आहे. यंत्र त्यातूनच शिकतं म्हणे. आता दर रविवारी चहा पिता पिता तो कप्पा चाळतो. तुम्हीही एकदा बघा. कोणीतरी उत्तराची वाट बघत असेल.