निजामाचा म्हणून गळ्यात मारलेला कुत्रा

बुलीचं पिल्लू घेतलं तेव्हा विकणारा छातीठोकपणे म्हणाला, "ही जात निजामाने खर्ड्याच्या लढाईत आणली." आम्ही खर्ड्याचेच, लगेच भुललो.

नंतर वाचत बसलो. 11 मार्च 1795 ची लढाई गाजली ती तोफांनी आणि कवायती पलटणींनी. निजामाकडे रेमाँ, शिंद्यांकडे पेराँ. रात्री निजाम अली आमच्या भुईकोटात शिरला, वेढ्यात अडकला आणि दोन दिवसांत तहाला आला. कुत्रा कुठेच दिसला नाही! बुली मूळ पंजाब-सिंधकडचा. शिकार, राखण आणि झुंजी. 1960 च्या कायद्याने झुंजी लावणं गुन्हा आहे, तरी व्हिडिओ फिरतातच.

आमचा राजा वर्षभर साखळीला होता. शेजारचं पोर चेंडू घ्यायला आत आलं आणि हा झेपावला. साखळी टिकली म्हणून निभावलं. चूक माझी. दिवसभर बांधलेलं, घरच्यांशिवाय माणूस न पाहिलेलं साठ किलोचं जनावर दुसरं काय करणार? आता त्याला जाळीचं मोठं आवार केलंय, पहाटे मुसकं घालून लांब फिरवतो.

परवा त्याच विक्रेत्याचा फोन आला. नवी पिल्लं आलीत म्हणे, यावेळी थेट पानिपतची.